प्रभामावशींचा रविवार

प्रभामावशी हट्टी होत्या, असं इंग्लंडमधल्या या स्लाऊ गावातले आमचे मराठी लोक अजून म्हणतात. होत्याच. त्यात लपवण्यासारखं काय आहे? ज्यांना हट्टी माणसं सोसत नाहीत त्यांनी त्यांच्या वाटेला जायचंच नव्हतं. पण जायचे. गणपतीच्या हॉलमध्ये, कुणाच्या बारशाला, कौन्सिलच्या मैदानावर, सापडतील तिथे लोक त्यांना चिडवायला जायचे आणि तोंडघशी पडून परत यायचे. मी त्यांची शेजारीण, मूळची नागपूरची. दोन घरांत मिळून एक भिंत, आणि इकडच्या भिंती कशा असतात ते इकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यांचे निम्मे वाद मी घरबसल्या ऐकले आहेत. आता पलीकडून आवाज येत नाही आणि मला ते अजिबात आवडत नाही.

त्या मूळच्या साताऱ्याच्या. नवरा डॉक्टर. लग्नानंतर काही वर्षं इंग्लंडमधल्या इस्पितळांत काढली, इथला पासपोर्ट घेतला आणि मग दोघं अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेली, ती तिथेच मुरली. यजमान गेले, मावशींचा गुडघा बदलून झाला, तेव्हा त्यांचा मुलगा अमोल त्यांना स्लाऊला घेऊन आला. अमोल इथे सॉफ्टवेअरमध्ये, बायको केतकी पुण्याची, तीही त्याच धंद्यात, आणि एक मुलगी, सई. अमोलची कल्पना अशी की आई आता निवांत राहील, देवळात जाईल, नातीला चार श्लोक शिकवेल. आईने पहिल्याच आठवड्यात बॅगेतून खिळ्यांचे बूट, शिट्टी आणि एक पिवळं कार्ड बाहेर काढलं. प्रभामावशी कॅन्सस सिटीत वर्षानुवर्षं सॉकरच्या रेफरी होत्या.

सॉकरच्या. फुटबॉल म्हणायच्या नाहीत. इंग्लंडमध्ये राहून हा शब्द वापरणं म्हणजे सोवळ्याच्या घरात चपला घालून फिरण्यासारखं. मैदानावर टेरी नावाचे एक आजोबा होते. पूर्वी बस चालवायचे, आता मैदानाच्या रेघा आखायचे आणि लहान मुलांच्या मॅचला शिट्टी फुंकायचे. पहिल्या भेटीत मावशींनी ‘सॉकर’ म्हटल्याबरोबर टेरी हसून म्हणाले, “फुटबॉल, लव्ह. इथे फुटबॉल म्हणतात.” इकडे ओळख नसतानाही बायकांना लव्ह म्हणतात.

मावशी म्हणाल्या, “हा शब्द तुमच्याच कॉलेजातल्या पोरांनी काढला. वापरलात, कंटाळलात, टाकून दिलात. आम्ही उचलला. आता आमच्याकडे चांगला चाललाय तर परत मागू नका.”

टेरी घरी गेले, शोधाशोध केली आणि पुढच्या रविवारी येऊन म्हणाले, “तुझं खरं आहे. पण तरीही तो फुटबॉलच.” तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलं. शेवटपर्यंत मावशींनी सॉकर म्हणायचं, टेरींनी फुटबॉल म्हणायचं, आणि दोघांनी एका थर्मासमधला चहा प्यायचा.

गाडीचंही तेच. अमेरिकेत त्यांनी मुलांनी भरलेली व्हॅन बर्फातून चालवली होती. इथे स्टिअरिंगला हात लावला नाही. “चुकीच्या बाजूने मी गाडी चालवणार नाही,” हे त्यांचं कारण. परिणामी दर रविवारी सकाळी त्यांना, बॉलच्या जाळीला आणि सरावाच्या नारिंगी शंकूंना मैदानावर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. माझा मुलगा तेव्हा इतका लहान की त्याला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. पण मावशींनी गेटवर येऊन “अगं नागपूरकर, काढ गाडी!” म्हटलं की नाही म्हणायची सोय नसायची.

रेफरी कशा झाल्या, ते त्या फार रंगवून सांगायच्या. मुलगी मनीषा सात-आठ वर्षांची, शनिवारची मॅच, आणि रेफरीच आला नाही. तिकडे अशा वेळी पालकांपैकीच कुणीतरी उभं राहायचं असतं. पण दोन्हीकडच्या बापांना दुसऱ्या बाजूचा माणूस नको. शेवटी एकाला मावशी दिसल्या. त्यांना खेळ ओ की ठो कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. “हिला काहीच कळत नाही, म्हणजे ही कुणाच्याच बाजूची नाही,” असं म्हणून त्यांनी शिट्टी यांच्या गळ्यात घातली. पंजाबी ड्रेस, त्यावर नवऱ्याचा जाडजूड कोट, आणि हातात शिट्टी. मावशींनी अख्ख्या मॅचमध्ये शिट्टी वाजवली ती फक्त सुरुवातीला आणि शेवटी. घरी येऊन मात्र नियमांचं पुस्तक मागवलं आणि लहानपणी रामरक्षा पाठ केली होती तसं पाठ केलं. “पुन्हा कुणी मला काही कळत नाही म्हणून निवडायला नको,” त्या म्हणायच्या.

यजमान गेले तो आठवडा त्यांनी मला एकदाच सांगितला, मेथी निवडता निवडता. गुरुवारी सगळं आटोपलं. शनिवारी मुलींची मॅच होती, रेफरी म्हणून यांचं नाव लागलेलं. या गेल्या. तिथल्या मराठी मंडळींनी नावं ठेवली. “ठेवू देत. घरी बसून मी काय करणार होते? लोक येऊन रडणार आणि मी त्यांना चहा देणार. मैदानावर निदान कुणी माझ्याकडे कीव करून बघत नव्हतं. उलट एक बाप माझ्यावर ओरडला. इतकं बरं वाटलं गं!” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, आणि मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली.

‘खेळ चालू’ हे त्यांचं पालुपद. फाउल झाला तरी जिच्या पायात बॉल आहे तिचं नुकसान होत नसेल, तर रेफरी शिट्टी वाजवत नाही, दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवतो. मावशी ही खूण घरातही करायच्या. दूध उतू गेलं, खेळ चालू. कुकरची शिट्टी उडाली, खेळ चालू. केतकीने मिटिंगच्या गडबडीत आमटीत दोनदा मीठ घातलं, मावशींनी दोन्ही हात पसरले, पानात पाणी ओतलं आणि जेवल्या.

मैदानावर ताकीद द्यायचं ते पिवळं कार्ड पर्समध्ये असायचं, लिपस्टिक आणि रुमालाच्या शेजारी. इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी दीक्षित. माणूस वाईट नाही, पण आपण बोललो की तो विनोदच असतो अशी त्यांची पक्की समजूत. गणपतीच्या जेवणाला, मसालेभात वाढता वाढता, ते भर पंगतीत म्हणाले, “मावशी, अमेरिकेत कसला आलाय फुटबॉल! ते तर बॉल काखेत घेऊन पळतात.” पंगत हसली. मावशींनी पर्स उघडली, उभ्या राहिल्या आणि कार्ड दीक्षितांच्या नाकासमोर धरलं. दीक्षितांच्या हातात पातेलं, त्यांना मागे सरकताही येईना.

“काखेत घेऊन पळतात ते पुरुष,” मावशी म्हणाल्या. “म्हणूनच हा खेळ आमच्या मुलींच्या वाट्याला आला. तिकडे कायदा झाला की कॉलेजांत मुलांना जे मिळतं ते मुलींनाही द्या. मुलींना टीम मिळाल्या, मैदानं मिळाली. आया व्हॅन काढून बसल्या. इकडे खेळ बापाकडून मुलाकडे येतो, दीक्षित. आमच्याकडे तो मुलीकडून आईकडे आला. आणि तुमच्या या फुटबॉलवाल्या देशात बायकांना जवळजवळ पन्नास वर्षं चांगल्या मैदानांवर बंदी होती, ते माहितीय? माझ्या गावात आज फक्त बायकांच्या टीमसाठी म्हणून बांधलेलं स्टेडियम आहे. तिकीट मिळत नाही. आणि वर्ल्ड कप कुठे येणार आहे, ते तरी वाचलंत का? वाढा आता भात.”

दीक्षितांनी भात वाढला. हे भाषण आम्ही पुढे इतक्यांदा ऐकलं की माझ्या नवऱ्यालाही पाठ झालं. पण मी सांगते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पंगतीतल्या बायकांच्या पाठी ताठ झाल्या होत्या.

टीम निघाली ती सईमुळे. सई इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांची होती. शाळेत खेळायच्या सुट्टीत मैदान मुलांचं, मुली कडेला. एकदा घरी येऊन म्हणाली, “आजी, बॉल माझ्याकडे आलीच नाही. मी पूर्ण टाइम उभी होता.” मावशींनी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन बसल्या, आणि रविवारी सकाळची वेळ पदरात पाडूनच उठल्या. कॅन्सस सिटीहून मनीषाने जुने टी-शर्ट पाठवले. आसपासच्या घरांतून मुली गोळा झाल्या. टेरींनी त्यांचं नाव मुलींच्या लीगमध्ये घातलं.

त्यांची कोचिंगची पद्धत पाहून इकडचे कोच चक्रावायचे. प्रत्येक मुलगी अर्धी मॅच खेळणारच, ही अमेरिकेतल्या लहान मुलांच्या सॉकरची रीत त्यांनी जशीच्या तशी आणली. अद्विका नावाची एक मुलगी होती, ती बचाव करता करता डेझीची फुलं गोळा करायची. तीही अर्धी मॅच. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी. एका आईने उत्साहाने साबुदाणावडे आणले, तेव्हा मावशींनी डबा टेरींच्या हवाली केला आणि म्हणाल्या, “वडे खाऊन पळेल कोण?” कडेला उभ्या पालकांनी टाळ्या वाजवायच्या, सूचना करायच्या नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्यातला रेफरी मरता मरेना. एकदा आमच्या मुलींनी कसाबसा एक गोल केला. आम्ही नाचतोय, आणि मावशी कडेवरून ओरडताहेत, “टेरी! हँडबॉल! आमचाच!” गोल रद्द झाला. मॅच हरलो. मुली रडल्या. मावशींनी सगळ्यांना संत्री दिली आणि म्हणाल्या, “खरा करा, मग नाचू.” पुढच्या महिन्यात त्यांनी खरा केला.

सगळं छान चाललं होतं, आणि मुली इयर फाइव्हमध्ये गेल्या.

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. स्लाऊमध्ये ग्रामर स्कूल आहेत. सरकारी, फुकट आणि नावाजलेली. तिथे जायला दहाव्या वर्षी इलेव्हन प्लसची परीक्षा द्यावी लागते. आपले लोक घर घेतात तेच ही परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून. इयर फाइव्ह लागलं की पोहणं बंद, नाच बंद, वाढदिवस बंद. आमच्या मुली सगळ्या एकाच बाजवा सरांच्या ट्यूशनला. आणि बाजवा सरांनी फेब्रुवारीपासून रविवारी सकाळी मॉक परीक्षा ठेवल्या, त्याही कुठे, तर आमच्या मैदानाला लागून असलेल्या शाळेच्या हॉलमध्ये.

पहिल्या मॉकच्या रविवारी आमची टीम मॅचला आलीच नाही. लीगचा नियम साधा होता. एकदा नाही आलात तर ताकीद, दुसऱ्यांदा नाही आलात तर नाव काढून टाकणार. पुढची मॉक मार्चमध्ये होती आणि त्याच सकाळी मेडनहेडच्या मुलींशी मॅच. टीम राहणार की जाणार, ते त्या सकाळवर येऊन ठेपलं.

आदल्या दिवशी केतकीच्या घरी सगळ्या आया जमल्या. मावशींनी बोलावलं होतं. केतकीला मी वाईट ठरवणार नाही. ती नोकरीच्या व्हिसावर एकटी या देशात आलेली, दोन वर्षं एका खोलीत काढलेली मुलगी. तिला सईसाठी पक्की जमीन हवी होती. ती म्हणाली, “आई, मी अगेन्स्ट नाहीये हो. पण सप्टेंबरमध्ये एक्झाम आहे. एक वर्ष फुटबॉल नाही खेळली तर काय होणारे? परत स्टार्ट करेल की.”

“नाही करणार,” मावशी म्हणाल्या.

“असं कसं म्हणता तुम्ही?”

“मी इतक्या मुली बघितल्यात, केतकी. या वयात ज्या मैदान सोडतात, त्या परत येत नाहीत. आधी परीक्षा असते, मग अंग बदलतं, मग लाज येते. मलाही बाराव्या वर्षी खो-खोमधून उठवलं. तेव्हाही परीक्षाच होती. परीक्षा झाली, पास झाले, पेढे वाटले. मला खो मात्र पुन्हा कुणी दिला नाही.”

मग दुसरी एक आई हळूच म्हणाली, “मावशी, पटतं सगळं. पण सरांनी सांगितलंय, मॉक मिस केली तर रँकिंग कळणार नाही.” आणि सगळ्यांनी माना हलवल्या. निकाल लागला. मावशी उठल्या आणि खोलीत गेल्या. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही, तेव्हा मला खरंच भीती वाटली.

सकाळी त्या नेहमीच्या वेळी माझ्या दारात. बूट घातलेले, गळ्यात शिट्टी, हातात संत्र्यांची पिशवी. मी म्हटलं, “मावशी, मुली येणार नाहीत.”

“मेडनहेडच्या येणारेत ना? पाहुणे घरी येणार आणि आपण दाराला कुलूप लावून बसायचं? काढ गाडी.”

रात्रभर पाऊस झाला होता, मैदानावर चिखल. मेडनहेडच्या मुली निळे कपडे घालून उड्या मारत होत्या. त्यांची कोच हॅना नावाची तरुण शिक्षिका. ती आणि टेरी आमच्या बाजूच्या रिकाम्या गवताकडे बघत होते. टेरी अवघडून म्हणाले, “प्रभा, मला रिपोर्ट करावा लागेल.”

“करा,” मावशी म्हणाल्या. “पण या मुली इतक्या लांबून खेळायला आल्यात. त्यांना खेळायला मिळेल. पंधरा मिनिटं द्या.”

आणि त्या तरातरा शाळेच्या पार्किंगकडे निघाल्या, मी मागे. तिथे आमच्या सगळ्या आया होत्या. मॉकला मुलींना आत सोडलं की आया घरी जात नाहीत. गाडीत हीटर लावून, काचा मिटून बसतात. कुणी फोनवर, कुणी हनुमानचालिसा लावून, कुणी नुसतीच हॉलच्या दाराकडे टक लावून. जणू आपण नजर काढली तर आतला पेपर बिघडेल. मावशींनी पहिल्या गाडीच्या काचेवर बोटांनी टकटक केलं. काच खाली आली.

“बूट कुठले आहेत?”

“काय, मावशी?”

“पायात बूट कुठले आहेत? ट्रेनर्स? चालतील. उतर खाली.”

“अहो पण, तन्वी आत आहे...”

“तन्वी आत आहे, ते मलाही दिसतंय. तू इथे बसून तिचे मार्क वाढवणार आहेस का? उतर.”

अशी एकेक काच खाली झाली. एकीने पाठदुखी सांगितली, तिला गोलपोस्टच्या बाजूला झेंडा घेऊन उभं केलं. एकीने साफ नाही म्हटलं आणि काच वर केली. पाच मिनिटांनी तीच धावत मैदानावर आली. केतकीची गाडी शेवटची. तिने काच खाली केली नाही. मावशी टकटक करत राहिल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मग दार उघडून केतकीच बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. “आई, मी काल रात्रभर झोपले नाहीये,” ती म्हणाली.

“मग बरोबर आहे. मीही नाही. चल.”

ती मॅच मी जन्मात विसरणार नाही. गोलमध्ये मी होते, कुर्ता आणि नवऱ्याचे बागकामाचे हातमोजे घालून. टेरींनी आयांना बजावलं की पाय घालायचा नाही, नुसतं अडवायचं. घालायला पाय बॉलपर्यंत पोचायला तर हवा! त्या निळ्या मुली आमच्या मधून पाण्यासारख्या निघून जायच्या. तन्वीची आई बॉल सोडून चिखलावरून घसरत पार रेघेबाहेर गेली. टेरींनी गोल मोजणं लवकरच सोडून दिलं. मावशी कडेवरून ओरडत होत्या, “बॉलकडे बघ, हॉलकडे काय बघतेस! मान वळव!” आणि खरंच, हळूहळू माना वळल्या. कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. ऑफिसात लोकांवर हुकूम गाजवणाऱ्या, घरी भाजीच्या फोडणीपासून मॉर्गेजपर्यंत सगळं डोक्यात घेऊन फिरणाऱ्या त्या बायका चिखलात पडत होत्या, उठत होत्या, आणि एकमेकींना अगं अगं करत पास देत होत्या. केतकीने एकदा बॉल चक्क हाताने धरला. कुणी हुं की चूं करायच्या आत मावशींचा आवाज आला, “टेरी! हँडबॉल! माझी सून!”

त्याच वेळी हॉलचं दार उघडलं. पेपर संपला होता. मुली पार्किंगमध्ये आल्या. गाड्या रिकाम्या. दोन मुली रडायलाच लागल्या. मग सईने आवाज ओळखला आणि कुंपणाकडे धावली. सगळ्या जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या. बॉल केतकीच्या पायात होता, समोर एकच निळी मुलगी.

“मम्मा, मार ना!” सई किंचाळली. “मार ती बॉल!”

केतकीने मारला. गोल झाला नाही, बॉल कुठल्या कुठे गेला. पण केतकी तिथेच चिखलात बसली आणि हसता हसता रडायला लागली. कुंपणापलीकडच्या मुलींनी असा गलका केला की बाजवा सर बाहेर आले.

मॅच संपल्यावर हॅना मावशींकडे आली. तिच्या मुली तोवर आमची संत्री संपवत होत्या. ती टेरींना म्हणाली, “तुम्ही रिपोर्टमध्ये लिहा की दोन्ही टीमनी मिळून मॅच पुढे ढकलली. माझी सही घ्या.” मावशींनी तिला विनवलं नव्हतं, आणि आभार मानताना नेहमीसारखं भाषणही केलं नाही. नुसता तिचा हात हातात धरून उभ्या राहिल्या.

त्याच दुपारी, अंगावरचा चिखल वाळायच्या आत, केतकी बाकीच्या आयांना घेऊन बाजवा सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मॉक सॅटर्डेला घ्या. संडे मॉर्निंगला मुली अव्हेलेबल नाहीत.” सरांनी हॉलच्या अडचणी सांगितल्या. केतकीने सगळ्या ऐकून घेतल्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सासूकडून काहीतरी उचललं होतं तिने. मॉक शनिवारी झाल्या.

सप्टेंबरमध्ये परीक्षा झाली. काही मुली पास झाल्या, काही नाही. सई नाही झाली. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी मंडळातल्या लोकांनी फोन करून मावशींना ऐकवलं, अजूनही ऐकवतात, की बघा, फुटबॉलपायी पोरीचं नुकसान केलं. मी सांगते, तन्वी त्याच टीममध्ये खेळून पास झाली, आणि ज्या मुलींनी कधी बॉलला पाय लावला नाही त्यांच्यातल्याही कितीतरी नापास झाल्या. पण हे उत्तर मावशींनी कधी दिलं नाही. त्या फोनवर म्हणायच्या, “नुकसान कसलं? ती रविवारी खेळणारे.” आणि फोन ठेवायच्या. त्या दिवशी सई दार लावून बसली होती. रविवारी तिने दार उघडलं, बूट घातले आणि माझ्या गाडीत येऊन बसली. केतकी शेजारी बसली. सईने त्या दिवशी दोन्ही पायांनी बॉल असा बडवला की टेरी दोनदा खाली वाकले.

हिवाळ्यात मुलींच्या धाकट्या बहिणी मागे लागल्या. त्यांचीही एक टीम निघाली, आणि तिची कोच केतकी.

आणि मग वसंतात मावशींनी जाहीर केलं की त्या कॅन्सस सिटीला परत चालल्यात, कायमच्या. वर्ल्ड कप त्यांच्या गावी येणार होता आणि स्टेडियमच्या गेटवर लोकांना वाट दाखवायला त्यांनी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. “या वयात मुलगा सोडून एकटं राहायचं?” दीक्षितांनी विचारलं. “एकटी कुठे? अख्खं जग येतंय माझ्याकडे,” मावशी म्हणाल्या. अमोल रुसला. केतकी रुसली नाही. तिने बॅग भरायला घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. मोठ्या मुलींची मॅच बरोबरीत सुटली. शिट्टी होताच दीक्षित आणि मंडळाची सगळी माणसं मैदानाच्या मधोमध आली. एकाच्या हातात तबक, त्यात शाल, नारळ आणि गुच्छ. मुलींना अर्धवर्तुळात उभं केलं. मावशींना पुढे ओढून आणलं. दीक्षितांनी खिशातून कागद काढला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, “आज आपल्यातून एक आदरणीय व्यक्तिमत्त्व...”

माझा मोबाइल तयार होता. कॅमेऱ्यात मला मावशींचा चेहरा दिसत होता. त्या दीक्षितांकडे बघतच नव्हत्या. त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. तिथे रेघेच्या बाहेर धाकट्या मुली उभ्या होत्या, गुडघ्यापर्यंत मोजे, जागच्या जागी उड्या मारत. केतकी त्यांना थोपवून धरत होती.

“दीक्षित,” मावशी म्हणाल्या, “आवरा.”

“अहो मावशी, दोनच मिनिटं. सत्कार...”

“आमची वेळ संपली. मैदान मोकळं करा. मुली थांबल्यात.”

आणि त्यांनी बॉलची जाळी खांद्यावर टाकली आणि चालायला लागल्या, त्या बदललेल्या गुडघ्याने जरा डाव्या अंगाला झुकत, मागे न बघता. दीक्षित तबक सांभाळत त्यांच्या मागून धावले. त्यांना ओलांडून, दोन्ही बाजूंनी, धाकट्या मुली ओरडत मैदानात शिरल्या.